रुग्णालयांतील जंतूंचा हिशेब

जामखेड हा अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यांतील अवर्षणग्रस्त तालुका. तेथें १९७० सालीं डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानें ग्रामीण आरोग्याचें कार्य आरंभिलें. गांवांतील स्त्रियांनाच त्यांनीं आरोग्यसेविका केलें. त्यांतील कित्येकींस लिहितांवाचतां येत नसे. तथापि गांवांत किती बालकें जन्मलीं व किती दगावलीं, याची खबर त्या ठेवूं लागल्या. रोगाची गणती हीच त्याच्या निवारणाची पहिली पायरी होय. मोठ्या शहरांतील सुसज्ज रुग्णालयांसही हाच नियम लागू पडतो.

अत्यवस्थ रोग्याच्या मानेजवळील अथवा छातीजवळील मोठ्या शिरेंत एक बारीक नळी घालतात. औषध तिच्यांतून थेट रक्तांत पोहोंचतें. परंतु ती हाताळणारा हात अस्वच्छ असेल, तर जंतूही त्याच वाटेनें आंत शिरतात. सर्पदंशानें आलेला एखादा शेतकरी विषांतून वांचतो आणि चारपांच दिवसांनीं त्यास थंडी वाजून ताप भरतो. घरचीं माणसें म्हणतात, "दुखणें उलटलें." वास्तविक हें दुसरेंच दुखणें असूं शकतें, आणि तें रुग्णालयांतच जडलेलें असतें.

त्याचा हिशेब कसा ठेवितात? एका रोग्यास नळी दहा दिवस राहिली, तर ते दहा नळी-दिवस. अशा दर हजार नळी-दिवसांमागें रक्तांत जंतुसंसर्ग होण्याचे किती प्रसंग घडले, हें पाहिलें म्हणजे लहानमोठ्या रुग्णालयांची तुलना करितां येते. मे २०१७ ते एप्रिल २०२४ या काळांत भारतांतील ५४ रुग्णालयांच्या २०० अतिदक्षता विभागांत अशी गणती झाली. एकंदर ८,६२९ प्रसंग नोंदले गेले. हजारीं प्रमाण ८.८३ पडलें.

या जंतूंपैकीं क्लेब्सिएला व असिनेटोबॅक्टर यांच्या पुष्कळ जाती कार्बापेनेमसारख्या राखीव औषधांनाही दाद देत नाहींत. पेनिसिलीनचे शोधक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीं १९४५ च्या नोबेल व्याख्यानांतच हा धोका सांगितला होता. अपुऱ्या मात्रेनें दुबळे जंतू मरतात. चिवट तेवढे उरतात व वाढतात. साध्या पडशावर अशा गोळीचा कांहींच उपयोग होत नाहीं; अंगांतील इतर जंतूंमध्यें मात्र ती चिवटांचें बळ वाढविते.

उपाय महागडा नाहीं. अमेरिकेंतील मिशिगन राज्याच्या शंभरावर अतिदक्षता विभागांनीं पांच नियम कसोशीनें पाळले: हात धुणें, निर्जंतुक आच्छादनें वापरणें, त्वचा क्लोरहेक्सिडिननें पुसणें, जांघेची शीर टाळणें आणि अनावश्यक नळी तात्काळ काढणें. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या अहवालाप्रमाणें तीन महिन्यांत तेथील हजारीं प्रमाणाचा मध्यांक २.७ वरून शून्यावर आला.

मात्र शून्य दोन प्रकारचें असतें. एक परिश्रमानें मिळविलेलें. दुसरें, रोग्याचें रक्त तपासणीस न धाडल्यामुळें आपोआप आलेलें. म्हणून ज्या रुग्णालयाचा आंकडा मोठा, त्यास लोकांनीं लागलीच दूषण देऊं नये. कदाचित् तेंच प्रामाणिक असेल. दूषणाच्या भयानें वही मिटली, तर जंतूंस मोकळें रान मिळेल. रोग्याच्या आप्तांनीं त्यास स्पर्श करण्यापूर्वीं हात धुवावे, आणि "ही नळी आज अवश्य आहे काय?" असें डॉक्टरांस रोज नम्रपणें विचारावें.