एका गड्याची किंमत

अमेरिकन फुटबॉलमध्यें बचावाच्या पहिल्या फळीमागें उभा राहणारा गडी तो लाइनबॅकर. अकरांतला असा एकच असामान्य गडी संघाला कितपत तारूं शकेल, श्रोतेहो, हा तेथला जुना वाद आहे.

शिकागो बेअर्सचा डिक बटकस मधल्या जागेवर खेळे. त्याची धडक बसली कीं भलेभले आडवे होत. तरी १९६९ सालीं त्याच्या संघानें चौदांपैकीं तेरा सामने गमावलेच.

उलट न्यूयॉर्क जायंट्सवर १९८० सालीं सोळा सामन्यांत ४२५ गुण चढले होते. १९८१ सालीं लॉरेन्स टेलर आला आणि तितक्याच सामन्यांत हा आंकडा २५७ वर उतरला. श्रेय सारें त्याचें नव्हे. पण ब्रॅड व्हॅन पेल्टसारखा कसलेला लाइनबॅकर तेथें आधींही होताच ना! भेद जागेचा असावा. टेलर कडेनें, चेंडू फेंकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या पाठीकडून झडप घाली. त्यापायीं वॉशिंग्टनचे प्रशिक्षक जो गिब्ज यांना आपली मांडणी बदलून त्याला अडविण्यास टाइट एंड नांवाचा एक जादा गडी उभा करावा लागला. टेलरचा हात चेंडूला लागो वा न लागो, झेल घेण्यास धांवणारा एक गडी तेवढा कमी होई.