गोराईचा ढीग आणि अणूंचा हिशेब

बोरिवलीजवळ गोराई खाडीच्या काठी १९७२ पासून मुंबईचा कचरा पडत असे. २००७ साली ते थांबले. पुढे ढिगावर आवरण घालून आतला वायू नळ्यांनी गोळा करून जाळण्याची योजना झाली.

वायू जाळल्याने हवा अधिक बिघडणार नाही काय? शंका रास्त आहे. उत्तर तराजूकडे आहे. कुजणारा पदार्थ नाहीसा होत नाही, त्याचे अणू नव्या जोड्या बांधतात. हवेवाचून कुजताना कार्बनच्या एका अणूशी हायड्रोजनचे चार अणू जुळतात; तोच मिथेन. १६ ग्रॅम मिथेन ६४ ग्रॅम ऑक्सिजनमध्ये जळला की ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि ३६ ग्रॅम पाणी बनते. दोन्हीकडे ८० ग्रॅम!

परंतु शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता अडवतो. म्हणजे न जाळलेले १६ ग्रॅम ४४८ ग्रॅमांइतके भोवतात. जाळल्यास ४४ उरतात. शिवाय सुमारे ८९० किलोज्यूल उष्णता सुटते. अडीच लिटर पाणी तिच्यावर सहज उकळावे. खेड्यातील गोबरगॅसच्या शेगडीत जळतो तो हाच वायू.