खड्डा बुजवण्याआधी



अध्यक्ष या नात्याने आज मी एकाच विषयावर बोलणार आहे : पेट्रोल पंपाखालची जुनी टाकी काढल्यावर मागे राहणारी माती.

सुरुवात माझ्या हातून झालेल्या चुकीने करते. नोकरीची पहिली वर्षं होती. एका तालुक्याच्या गावी बंद पडलेल्या पंपाची टाकी उपसून काढली होती. खड्ड्यातली माती आमच्या प्रयोगशाळेत आली ती प्लॅस्टिकच्या पिशवीत, तोंडाला सुतळी बांधून, एसटीच्या पार्सलातून, ऐन मे महिन्यात दोन दिवसांचा प्रवास करून. मी ती तपासली आणि अहवालात लिहिलं, 'बेंझीन आढळले नाही.' खाली सही केली. खड्डा बुजवला गेला. पावसाळ्यानंतर शेजारच्या विहिरीचे मालक बाटलीत पाणी घेऊन आले. बूच काढताच खोलीभर पेट्रोलचा वास पसरला. ते एवढंच म्हणाले, "बाई, माती चांगली आहे असं तुम्हीच लिहून दिलं होतं ना?"

पेट्रोलमधलं बेंझीन वाटेतच उडून गेलं होतं. माझं यंत्र बरोबर होतं, आकडा बरोबर होता, आणि तरी त्या कागदाने एका कुटुंबाला पावसाळाभर गाफील ठेवलं.

टाकी काढण्याचं काम आपल्याकडे बऱ्यापैकी नेटाने होतं. उरलेलं इंधन उपसायचं, पाइप रिकामे करायचे, तळाचा गाळ काढायचा, आतली वाफ घालवायची. २००२च्या पेट्रोलियम नियमांनुसार, टाकीत वायू नसल्याचा दाखला मिळाल्याशिवाय तिथे कटिंग-वेल्डिंग करता येत नाही. हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असली की ठिणगी पुरते, आणि ही वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे रिकाम्या टाकीच्या तळाशी बसून राहते. इथली चूक त्याच क्षणी जीव घेते, म्हणून सगळे सावध असतात. मातीतली चूक कळायला दोन-तीन पावसाळे जातात. तोवर ठेकेदार गेलेला असतो, जागा विकलेली असते, कधी वर इमारतही उभी असते.

अमेरिकेने १९८४ साली जमिनीखालच्या टाक्यांसाठी कायदा केला आणि १९८८ साली सविस्तर नियम आणले. त्यानंतर तिथे पाच लाखांहून अधिक ठिकाणी गळती झाल्याचं नोंदलं गेलं. मोजायला लागल्यावर एवढी सापडली. नमुना कुठून घ्यायचा हेही त्यांच्या अनुभवातून पक्कं झालं आहे : टाकीच्या दोन्ही टोकांखालून, इंधन भरायच्या पाइपाखालून, पाइपांच्या सांध्यांखालून आणि वितरण यंत्राखालून. तोही भरावाच्या वाळूतला नको, तिच्याखालच्या मूळ जमिनीतला हवा.

पण ही पद्धत जशीच्या तशी उचलून आपलं भागणार नाही. महाराष्ट्राचा सुमारे ८२ टक्के भूभाग दख्खनच्या बेसाल्टचा. वर काळी माती, उन्हाळ्यात भेगाळणारी, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. वाळूत पेट्रोल पसरत जातं, पाषाणात ते सांधे शोधतं. म्हणून टाकीखालचा नमुना स्वच्छ निघूनही शंभर फुटांवरची विहीर बिघडू शकते. शिवाय पेट्रोल पाण्यावर तरंगतं. पावसाळ्यात भूजल वर चढलं की तो थर वर उचलला जातो, उन्हाळ्यात खाली उतरतो, आणि दर फेरीत मुरुमाला नवा लेप देतो. एका लिटर पाण्यात पावणेदोन ग्रॅमपर्यंत बेंझीन विरघळू शकतं; पिण्याच्या पाण्यातली जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे लिटरमागे १० मायक्रोग्रॅम. या दोन आकड्यांमधलं अंतर डोळ्यांसमोर ठेवा. आपल्याकडे मे महिन्यात एक आणि दिवाळीच्या सुमारास एक, अशी दोनदा आसपासच्या विहिरींची तपासणी व्हायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे. २००० सालाआधीच्या पंपांवर शिशाचीही. देशभर शिसेविरहित पेट्रोल त्याच वर्षी आलं. त्याआधी सांडलेलं शिसं मातीतून उडून जात नाही.

२०२५ साली केंद्र सरकारने प्रदूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. संशयित जागांची यादी करण्याचं काम त्यात स्थानिक संस्था आणि जिल्हा प्रशासनाकडे आहे. त्यांच्या हाती काय द्यायचं, हे आपल्यावर आहे. पंपावर रोज डिप मारून टाकीतल्या लिटरांचा हिशेब वहीत लिहिला जातो. टाकी काढतानाही तसाच कागद निघावा : खड्ड्याचा नकाशा, नमुन्यांच्या जागा, खोली, तारीख, निकाल. तो जागेच्या कागदपत्रांना कायम जोडलेला राहावा आणि त्याची एक प्रत शेजारच्या विहीरमालकाच्या हाती, मराठीत लिहून, पडावी. आणि निकाल येईपर्यंत खड्डा उघडा राहावा, कुंपण घालून, पहारा ठेवून. जागेचं भाडं चढतं, हे मला ठाऊक आहे. तरीही मी हे मागते आहे.

आजच्या ठरावाच्या मसुद्यात मी एक ओळ वाढवली आहे : नमुना पिशवीतून आला, बर्फाविना आला किंवा बाटलीत वर हवा राहिली असेल, तर प्रयोगशाळेने तो परत पाठवावा, त्यावर अहवाल देऊ नये. तुमच्यातल्या काहींना ही अट कडक वाटेल. चर्चा जरूर करा, मी उत्तर देईन.

जेवणानंतर मागच्या मैदानात सहा फुटांचा चर खणून ठेवला आहे. तिथे नमुना घेऊन दाखवायचा आहे. घट्ट झाकणाच्या बाटल्या आणि बर्फाची पेटी मी सोबत आणली आहे. नव्याने नोकरीला लागलेल्यांनी पुढे उभं राहावं.