'मा निश्मा?' : उंबरठ्यावरची हिब्रू



धाराशिवच्या बसस्थानकावर दोन ओळखीची माणसे भेटली की आधी 'राम राम' होतो आणि त्यापाठोपाठ 'काय म्हणतोस?' येते. निजामी राजवटीत या जिल्ह्याचा कारभार उर्दूतून चाले, उच्च शिक्षणही उर्दूतूनच मिळे. तरीही घराच्या उंबरठ्यावरचा 'राम राम' मराठीच राहिला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला, तेव्हा येथील भाषा कोणाला नव्याने शिकवावी लागली नाही.

त्याच वर्षी, १४ मे रोजी, इस्रायल हे राष्ट्र उदयास आले. त्याची कथा नेमकी उलट आहे. हिब्रू भाषा देवघरात शतकानुशतके सुरक्षित होती, उंबरठ्यावरून मात्र ती हरपली होती. प्रार्थना हिब्रूत होई, पण 'कसा आहेस?' हे विचारायला ज्यू माणूस यिद्दिश, अरबी किंवा रशियन वापरी. एलिएझर बेन-यहुदा १८८१ मध्ये जेरुसलेमला आले आणि पुढच्या वर्षी जन्मलेल्या मुलाच्या कानी हिब्रूखेरीज दुसरी भाषा पडू द्यायची नाही, असा हट्ट त्यांनी धरला. घरातल्या साध्यासुध्या वस्तूंनाही त्यांना शब्द घडवावे लागले.

आज तेथे तरुण एकमेकांना 'शालोम' म्हणतात, पण त्याहून अधिक वेळा 'मा निश्मा?' असे विचारतात. शब्दशः अर्थ, 'काय ऐकू येते आहे?' म्हणजे आपले 'काय खबर?' हा प्रयोग यिद्दिशमधून उतरलेला आहे. त्यावर उत्तर येते 'सबाबा', म्हणजे झकास. हा शब्द मूळ अरबी. निरोप घेताना 'याल्ला, बाय', त्यात अर्धे अरबी, अर्धे इंग्रजी. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांच्या भुवया उंचावतील. पण जी भाषा रस्त्यावर आली, तिच्या अंगाला रस्त्याची धूळ लागणारच.

मराठी माणसाला या भाषेतील एक गोष्ट फार सोपी जाते. क्षेमकुशल विचारताना पुरुषाला 'मा श्लोम्खा?' आणि स्त्रीला 'मा श्लोमेख?' म्हणावे लागते. इंग्रजीच्या सवयीचा मनुष्य येथे अडखळतो. 'कसा आहेस' आणि 'कशी आहेस' असा भेद बाळपणापासून करणाऱ्याला त्यात नवल ते काय? वडिलांना 'अबा' म्हणतात, हेही आपल्या 'आबां'च्या जवळचे. अडचण येते ती पुढे. पुरुषाला उद्देशून 'अता' म्हणजे 'तू', आणि रोजच्या बोलण्यात त्याहून आदराचे रूपच नाही. शिक्षकही 'अता', सेनाधिकारीही 'अता' आणि आजोबाही 'अता'. 'अहो-जाहो'त वाढलेल्या जिभेला हे जड जाते. तो उद्धटपणा नव्हे. आदर तेथे शब्दाऐवजी स्वरात असतो, एवढेच.

हा अनुभव कोकणातील बेने इस्रायली बांधवांनी प्रत्यक्ष घेतला. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आपले पूर्वज आले, अशी त्यांची परंपरा सांगते. तेलाचे घाणे चालवीत, शनिवारी ते बंद ठेवीत, म्हणून ते 'शनवार तेली'. दिवेकर, रोहेकर, पेणकर अशी त्यांची आडनावे. हिब्रू जवळजवळ विसरली, तरी 'शेमा' ही प्रार्थना त्यांनी सोडली नाही. पुढे हिब्रू पुन्हा शिकली गेली ती मराठीच्या आधाराने. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण प्रसिद्ध केले आणि जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. अर्थात ती सारी देवघरातली हिब्रू होती.

ही मंडळी १९४८ नंतर इस्रायलला गेली, तेव्हा प्रार्थना पाठ असलेल्या प्रौढांनाही शेजाऱ्याला सकाळी 'बोकेर तोव' कसे म्हणावे येथपासून आरंभ करावा लागला. त्यासाठी तेथे 'उल्पान' नावाचे वर्ग आहेत. पहिला जेरुसलेमला १९४९ मध्ये निघाला. हिब्रू हिब्रूतूनच शिकवायची, व्याकरण मागाहून. आपल्याकडे संस्कृत भारतीची दहा दिवसांची संभाषण शिबिरे ज्यांनी केली असतील, त्यांना ही रीत ओळखीची वाटेल. शब्दरूपावली मुखोद्गत असलेले विद्वानही 'कथम् अस्ति भवान्?' एवढे सहज विचारताना संकोचतात, हे तेथे दिसून येते.

परंतु या यशाची एक किंमत आहे. दिमोना, लोद, अश्दोद येथे वसलेल्या या मंडळींनी मराठी जपली, 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिकही अनेक वर्षे चालविले. त्यांच्या नातवंडांची उंबरठ्यावरची भाषा मात्र हिब्रू झाली आहे. जी वाट एकेकाळी हिब्रूने धरली, ती तेथे मराठी धरू लागली आहे : सणासुदीला गाण्यात उरायचे, रोजच्या भेटीत नाही.

अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हन्नाबीच्या स्थानी आजही इस्रायलहून कुटुंबे येतात, मलिद्याचा नैवेद्य होतो. तेथे कोणी भेटले तर 'शालोम, मा श्लोम्खा?' जरूर विचारावे. तरुण असेल तर हसून 'सबाबा' म्हणेल. शेजारी आजी उभ्या असतील, तर त्यांच्याशी मात्र मराठीत बोलावे.