अग्नीत टिकणारे कवच



मी कला शाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने माहिती अधिकारी. विज्ञानावर अधिकारवाणीने बोलण्याची माझी योग्यता नाही. तज्ज्ञांकडून जे समजावून घेतले, ते सोप्या शब्दांत आपणापुढे ठेवणे एवढेच माझे कार्य.

पावसाळ्यात लोखंडी विळा अंगणात विसरला, तर चार दिवसांत तो तांबूस होतो. लोखंडाचा गंज सच्छिद्र असतो. त्याचे पोपडे गळतात, आतील लोखंड पुन्हा उघडे पडते आणि झीज चालूच राहते. उष्णतेत तर ही क्रिया अधिकच वेगाने होते. मग भट्टीच्या ज्वाळेत वर्षानुवर्षे टिकेल असा पदार्थ कोणता?

त्याचे एक उत्तर म्हणजे सिलिकॉन कार्बाइड. अमेरिकेतील एडवर्ड ॲचेसन यांना १८९१ मध्ये चिकणमाती व कोक यांचे मिश्रण विजेने तापविताना त्याचे कठीण स्फटिक मिळाले. धार लावण्याच्या चाकांमुळे ‘कार्बोरंडम’ हे त्याचे व्यापारी नाव आपल्या कारखान्यांतही रुळले आहे.

या पदार्थावर ऑक्सिजनचा परिणामच होत नाही, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती मात्र उलट आहे. तापलेल्या पृष्ठभागावरील सिलिकॉन ऑक्सिजनशी संयोग पावून सिलिका बनते. सिलिका म्हणजे वाळूतील मुख्य घटक. कार्बन वायुरूपाने निघून जातो. मागे राहतो तो काचेसारखा, सलग आणि घट्ट चिकटलेला पातळ थर. त्यातून ऑक्सिजन अतिशय मंद गतीने आत शिरतो. थर जसजसा जाड होतो, तसतशी त्याची वाढ मंदावते. जाडी दुप्पट होण्यास चौपट काळ लागतो. कोरड्या हवेत सुमारे १६०० अंश सेल्सिअसपर्यंत हे कवच उपयोगी पडते. लोखंडाचा गंज घात करतो, येथे गंजच रक्षण करतो!

परंतु या कवचालाही मर्यादा आहेत. ऑक्सिजन फारच विरळ असेल, तर सिलिकेऐवजी सिलिकॉन मोनॉक्साइड वायू निर्माण होतो आणि कवच धरतच नाही. सोडियमचे क्षार सिलिका विरघळवितात. भट्टी वारंवार तापवून थंड केल्यास थराला तडे जातात. म्हणूनच विद्युत्‌भट्टीतील सिलिकॉन कार्बाइडच्या दांड्या कालांतराने जुन्या होतात व बदलाव्या लागतात.

सर्वांत कपटी शत्रू म्हणजे वाफ. इंधन जळताना पाण्याची वाफ निर्माण होतेच. तिच्या संयोगाने सिलिका वायुरूप होऊन उडून जाते. वेगवान वायुझोतात ही झीज किती गंभीर ठरते, हे १९९०च्या दशकात ‘नासा’च्या संशोधकांनी दाखवून दिले. यावर उपाय म्हणून वाफेला तोंड देणारे आणखी एक लेपकवच योजण्यात आले. २०१६ पासून प्रवासी सेवेत असलेल्या ‘लीप’ विमान-इंजिनात सिलिकॉन कार्बाइडच्या तंतूंनी बळकट केलेले भाग वापरले आहेत. निकेलच्या मिश्रधातूंच्या मानाने त्यांचे वजन सुमारे एक-तृतीयांश असते. इंजिन हलके होते, अधिक उष्णता सोसते आणि इंधन वाचते.

मित्रहो, उद्या आपल्यापैकी कोणी भट्टी चालवील, कोणी इंजिनाची देखभाल करील. पदार्थ किती तापमान सोसतो, एवढेच विचारून थांबू नका. कोणत्या हवेत सोसतो, तेही विचारा. या दुसऱ्या प्रश्नावर यंत्राचे आयुष्य आणि प्रसंगी माणसांचे प्राणही अवलंबून असतात.