चुकीचा शेरा देण्यापूर्वी



विद्यार्थ्याची कृती आपल्या अपेक्षेहून निराळी दिसली, की ती चुकलीच असे मानण्याकडे मनाचा कल असतो. हा कल किती फसवा ठरू शकतो, हे बुद्धिबळाच्या एका डावावरून ध्यानी येते.

दिनांक १७ ऑक्टोबर १९५६ रोजी न्यूयॉर्क येथे रोझेनवाल्ड स्पर्धेत हा डाव झाला. पांढरी मोहरी डोनाल्ड बर्न यांच्याकडे होती. त्यांचे वय २६ वर्षांचे. १९५३ साली त्यांनी अमेरिकेची खुली स्पर्धा जिंकली होती. काळी मोहरी घेऊन बसला होता १३ वर्षांचा बॉबी फिशर.

सतराव्या चालीस बॉबीचा वजीर बर्न यांच्या उंटाच्या माऱ्यात होता. तो हलविण्याऐवजी बॉबीने आपला उंट हलविला! वजीर फुकट गेला, असेच कोणासही वाटावे. बर्न यांनी तो घेतला. परंतु त्यांचा राजा किल्लेकोटात गेलेला नव्हता. उंट व घोडा यांच्या साहाय्याने बॉबीने पाठोपाठ पाच शह दिले आणि पुढे वजिराच्या मोबदल्यात हत्ती, दोन उंट व प्यादे मिळविले. एकेचाळिसाव्या चालीस त्याने मात केली. पराभव उघड दिसत असताही बर्न यांनी डाव अर्ध्यावर सोडला नाही. त्या मुलास तो पूर्णत्वास नेऊ दिला. हे औदार्यही विसरण्याजोगे नाही.

वर्गात २५ गुणिले १६ हे उदाहरण घातले असता एखादा विद्यार्थी रीत न मांडता ४०० हे उत्तर लिहितो. त्याने नक्कल केली, असे समजून फुली मारणे सोपे आहे. 'कसे काढलेस?' असे विचारल्यास तो कदाचित सांगेल, "पंचवीस चोक शंभर, आणि सोळात चार चोक, म्हणून चारशे." फुली मारली असती, तर ही विचारसरणी कायमची मुकी झाली असती.

प्रत्येक निराळ्या उत्तरामागे प्रतिभा असते, असे मात्र नव्हे. त्याच स्पर्धेत बॉबीने इतर डाव गमावलेही. पण खरी चूक कोणती व खोल विचार कोणता, हे विचारल्यावाचून कळत नाही. बॉबी फिशर १९७२ साली जगज्जेता झाला. आपल्या शाळेतील प्रत्येक मूल जगज्जेते होणार नाही. तथापि आपला डाव पुरा मांडण्याची संधी प्रत्येकास मिळावी. ती देणे शिक्षकाच्या हाती आहे.