पंखावर फुंकलेला वारा



विमान हवेत कसं तरंगतं हे या सभागृहात सांगायला नको. पंखाची ती आकृती आपण सगळ्यांनीच शाळेत काढली आहे. संकरित विद्युत विमानाबद्दल बोललं, की लोक बॅटरी, इंधनबचत आणि धूर यांच्यापाशी थांबतात. माझं मत वेगळं आहे. वारा पंखभर वाटून देणं, हे या विमानात विजेचं मुख्य काम आहे. इंधन वाचतं ते ओघाने.

पंखाची उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. निम्म्या वेगाने उतरायचं तर पंखाच्या आकाराने आणि फ्लॅपने, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या वाकणाऱ्या पट्ट्यांनी, चौपट काम केलं पाहिजे. यावरचा उपाय जुना आहे: प्रोपेलरचा वारा सबंध पंखावरून वाहू द्यायचा आणि मागचे फ्लॅप वाकवून तो खाली वळवायचा. फ्रान्सचं ब्रेगे ९४१ हे विमान १९६१ साली असंच उडालं. पण एखादं इंजिन बंद पडलं की त्या बाजूची उचल गेली! म्हणून चारही प्रोपेलर एका लांब शाफ्टने जोडले होते. त्यात वजन आलं, गिअर आले, देखभाल आली. अशी विमानं मोजकीच बनली.

आता त्या शाफ्टच्या जागी तार आली आहे. अमेरिकेतल्या व्हर्जिनियातील इलेक्ट्रा या कंपनीचं ‘गोल्डफिंच’ हे प्रायोगिक विमान नोव्हेंबर २०२३ मध्ये उडालं. पंखाच्या पुढच्या कडेला आठ विद्युत मोटरी, त्यांना वीज द्यायला टर्बाइनवर चालणारं जनित्र, सोबत बॅटरी. पुढच्या वर्षी त्याने सुमारे ५२ मीटर धावून उड्डाण केलं आणि ३५ मीटरांत थांबून दाखवलं. (टाळ्या)

मघाशी चहाच्या वेळी एक गृहस्थ म्हणाले, तुम्ही बॅटरीवर अन्याय करता. नाही हो! एक किलो विमान-इंधनात सुमारे १२ हजार वॉट-तास ऊर्जा असते, आजच्या चांगल्या बॅटरीत अडीचशे-तीनशे. हे आकडे मी बनवले नाहीत. (हशा) म्हणून बॅटरीने उड्डाणाच्या वेळी जोर पुरवावा आणि जनित्र बंद पडलं तर सुखरूप उतरवावं. तेवढं ती उत्तम करते.

इलेक्ट्राचे संस्थापक जॉन लँगफर्ड यांची गोष्ट सांगतो. १९८८ साली एमआयटीच्या ‘डेडॅलस’ प्रकल्पाचं नेतृत्व त्यांनी केलं. माणसाने पायडल मारून चालवायचं विमान! पंख ३४ मीटर, वजन अवघं ३१ किलोंच्या आसपास. ग्रीक सायकलपटू कॅनेलॉस कॅनेलोपूलोस सकाळी क्रीट बेटावरून निघाले आणि समुद्राच्या पाण्यालगत, एकट्याच्या पायांच्या बळावर, ३ तास ५४ मिनिटांत ११५ किलोमीटर गेले. सँटोरिनीचा किनारा समोर. काळ्या वाळूवर माणसं वाट बघताहेत. आणि तापलेल्या किनाऱ्यावरून आलेल्या वाऱ्याने शेपटीचा दांडा मोडला, मग पंखही. विमान काही मीटर अलीकडे पाण्यात पडलं. कॅनेलोपूलोस पोहत काठाला आले. त्या माणसाच्या पायांबद्दल, श्वासाबद्दल, पाण्याच्या बाटल्यांबद्दल मी तासभर बोलू शकेन...

चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटं उरली. सरळ उभं उडणाऱ्या हवाई टॅक्सींचा भाग गाळतो. एवढंच म्हणतो, की फुकट उचल देणारा पंख असताना सगळं वजन इंजिनाच्या जोरावर तोलणं मला उधळपट्टी वाटते.

मुख्य गोष्ट राहू नये. डेडॅलसची गोष्ट सांगितली ती याचसाठी: जितकं हळू उडाल, तितकी वाऱ्याची झुळूकही मोठी ठरते. ताशी ५० किलोमीटर वेगाने उतरणाऱ्या विमानाला ताशी २० किलोमीटरचा अचानक झोत म्हणजे मोठा धक्का. आठ मोटरींचा जोर वेगवेगळा आणि क्षणात बदलता येतो, हा विजेचा दुसरा उपकार. तरीही उतरायच्या जागेचा वारा आधी माहीत हवा. इलेक्ट्राच्या नियोजित नऊ आसनी विमानाला सुमारे ९० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद जागा पुरेल असं कंपनी म्हणते. अशा जागा शहरात इमारतींच्या मधोमधच मिळणार आणि तिथला वारा सर्वांत लहरी.

इथे अभियांत्रिकीचे विद्यार्थी बसले आहेत, त्यांना माझी विनंती आहे. कॉलेजच्या मैदानावर आणि गच्चीवर वायुवेगमापक लावा. सरासरी वेगावर थांबू नका, प्रत्येक झोत नोंदवा, वर्षभर, पावसाळ्यासकट. नोंदींची ती वही तयार ठेवा.